घरभेदी

तलगरच्या वरच्या अंगाला, जिथून बर्फाचं पाणी खाली उतरतं,
तिथल्या सफरचंद-केंद्रात मी काचपट्ट्या धुवायला लागलो
तेव्हा कुल्याश-आपायच्या निवृत्तीला सहा महिने उरले होते.
पहिल्या दिवशी त्यांनी एकच काम सांगितलं :
पानावर थेंब सोड. बघ, टेकतो का.

टेकला नाही.
कोवळ्या पानाचं मेण पाण्यालाही पाय ठेवू देईना.
थेंबाचा पारा झाला, घरंगळला, माझ्या बुटावर पडला.
“हं,” त्या म्हणाल्या. “मग आत कोण कसं शिरतं
एवढंच बघण्यात माझी एकतीस वर्षं गेली.”

मे महिना. पाकळ्या चिखलात.
गेल्या हिवाळ्यात कुजायची राहून गेलेली पानं भिजली
की त्यांतून बीजाणू उडतात. आवाज नाही, काही नाही.
एखादा कुठेतरी बसतो.
दगडावर बसलो, की कुंपणाच्या तारेवर, की पानावर,
त्याला काय कळणार? ना डोळे, ना नाक.
म्हणून तो थोडंसं विकर सांडून बघतो,
घरून निघताना बांधून दिलेल्या शिदोरीतलं.
दगड असेल तर काहीच होत नाही.
तिथेच वाळतो बिचारा.
पान असेल तर क्यूटिनचा एक कण सुटतो,
आणि तो सुटलेला कणच
बुरशीच्या कानाला लागतो :
आहे. घर आहे. आत ओल आहे.
मग विकराचा लोंढा.

“दाराचाच कपचा,” आपाय म्हणाल्या,
“चोराला सांगतो की हे दार.”

आणि गंमत अशी, की ही बुरशी फार आत जातच नाही.
मेणाखाली, पेशींच्या वर, कागद सरकेल एवढ्या फटीत
ती संसार मांडते.
पंधरा दिवसांनी शेवाळी मखमलीचा एक डाग.
हात फिरवावासा वाटेल इतका मऊ.

प्रयोगशाळेत खुंटीवर एक लोकरी टोपी असायची.
लहान डोक्याची. कानपट्ट्या असलेली.
जूनमध्ये, जुलैमध्येही.
एकदा काचा पुसता पुसता मी विचारलं,
कुणाची?
“येर्केबुलानची.”
बस्, एवढंच म्हणाल्या. मी गप्प राहिलो, शपथेवर सांगतो.
पण ते नाव त्यांच्याच तोंडून सुटलं होतं
आणि आता ते परत आत जाईना.
चहा तीनदा निवला.
कापचगायचं तळं, मार्च, पातळ होत आलेला बर्फ,
मासे धरायला गेलेली चार पोरं, परतलेली तीन.
पोराला मुळा आवडायचा नाही, हेसुद्धा.
मी दारात उभा. हातात ओलं फडकं.
मदत केली की चोरी, अजून ठरवता आलेलं नाही.

ऑक्टोबरात आम्ही बाग झाडली.
पानांच्या ढिगावर युरियाचं पाणी मारलं, लवकर कुजावीत म्हणून.
इथेही मेण फोडणारे तेच,
त्यांच्याच जातकुळीतले, नावं वेगळी.
“हे नसते तर?”
“तर पानं खिडकीपर्यंत आली असती, वेड्या.
आपण कुणाला पुरलंच नसतं.”

शेवटच्या दिवशी त्यांनी खोकं भरलं. टोपी घेतली नाही.
निघताना टोपलीतलं एक सफरचंद उचललं, डागाळलेलं,
विक्रीला न जाणारं,
बाहीवर घासून लकाकी आणली,
आणि डागाच्या बाजूनेच
पहिला चावा घेतला.